कादंबरी योग्य मार्गाने

नळकाकांनी कादंबरी लिहिली, इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. माणूस आपल्या घरात बसून काय करतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. कुणी पत्ते खेळतो, कुणी भिंतीला खिळे ठोकतो, नळकाका लिहीत होते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने खिळ्यांपेक्षा कादंबरी बरी, कारण तिचा आवाज होत नाही. भानगड सुरू झाली ती कादंबरी संपल्यावर, ती छापून यावी असं काकांना वाटायला लागलं तेव्हा.

नळकाका हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते आणि तक्रार विभाग सांभाळत होते. त्यामुळे इमारतीत कुणाच्याही नळाला पाणी आलं नाही की लोक थेट त्यांची बेल वाजवत. काकांनी आयुष्यात एकही नळ दुरुस्त केला नव्हता. त्यांनी फक्त ‘आपली तक्रार प्राप्त झाली, उचित कार्यवाही चालू आहे’ अशी उत्तरं लिहिली होती, आणि तीही अशा घोटीव भाषेत की काही तक्रारदार उत्तर वाचता वाचता पाण्याचं विसरून जात. पण हे कौतुक कोण करणार? जिन्यात भेटणारा माणूस ‘काय नळकाका, आज धार बारीक आहे’ असं म्हणूनच पुढे जायचा. निवृत्त होण्याआधी एकदा तरी कुणीतरी आपल्याला ‘लेखक’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि लेखक म्हणायचं तर गंभीर लेखक. हसून ‘काय लेखक’ म्हणणारे नकोत, तसे ऑफिसात पुष्कळ होते.

कादंबरी प्रेमाची होती आणि शोकान्त होती. नायक एक अबोल कारकून, नायिका समोरच्या टायपिंगच्या वर्गात येणारी मुलगी. प्रेम जमतं, एक भलतंच पत्र नायिकेच्या हाती पडतं, ती ते उघडते, गैरसमज होतो आणि शेवटी नायिका शहराबाहेरच्या पाण्याच्या टाकीत उडी घेते. हे शेवटचं प्रकरण लिहिताना काकांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी सहजासहजी येत नाही.

घरात मात्र या कादंबरीला ‘तुमचं ते’ असं म्हणत. “तुमचं ते टेबलावरून उचला, ताटं मांडायचीत,” असं काकू म्हणायच्या. काकूंनी कादंबरी वाचली नव्हती, कारण काकांनी ती त्यांना दिलीच नव्हती. लग्न ठरलं तेव्हा काकांनी काकूंना एक कविता पाठवली होती. लग्नानंतर कधीतरी कपाट आवरताना ती कविता काकूंच्या हाती लागली. काकूंचं हसणं निराळं आहे. आवाज अजिबात होत नाही, नुसते खांदे हलतात. काका मागे उभे होते आणि काकूंचे खांदे हलत होते. काकांनी त्या दिवसापासून कविता हा प्रकार सोडला. आता सगळ्या जगाने आपली कादंबरी वाचावी असं त्यांना वाटत होतं, फक्त त्या जगात आपली बायको येत नाही असं त्यांनी धरलं होतं.

कादंबरी छापायची कशी हे काकांना माहीत नव्हतं, पण ते माहीत असलेल्या लोकांची इमारतीत टंचाई नव्हती. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांचा स्वतःचा कवितासंग्रह निघालेला होता. तो त्यांनी पदरमोड करून काढला होता आणि त्याच्या प्रतींचे गठ्ठे दवाखान्यात रुग्णांच्या बाकाखाली होते. दाढ काढलेल्या प्रत्येकाला डॉक्टर एक प्रत भेट देत. काही लोक म्हणे नुसत्या या भीतीने दोन वेळा दात घासू लागले होते. काकांची एक दाढ ठणकत होतीच, म्हणून ते एका कामात दोन कामं करायला गेले.

“तोंड उघडा. आणखी. कादंबरी लिहिलीत असं ऐकलं,” डॉक्टर म्हणाले.

“आँ,” काका म्हणाले.

“तुमचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. पण लोकांना आता धीर नाही. पहिल्याच पानावर रक्त आलं पाहिजे. पटतंय ना?”

“आँ.”

“पटणारच,” डॉक्टर म्हणाले आणि पहिल्याच झटक्यात रक्त आलं. काका गालात कापूस आणि काखेत कवितासंग्रह घेऊन घरी आले. कादंबरीच्या पहिल्या पानावर नायिका फुलझाडांना पाणी घालत होती. तिथे रक्त कुठून आणावं यावर त्यांनी दोन दिवस घालवले. शेवटी तिच्या बोटात काटा टोचवला आणि विषय संपवला.

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी हस्तलिखिताची पहिली काही पानं लाल पेनाने तपासून परत केली. “भाषा बरी आहे,” त्या म्हणाल्या, “पण तुमची नायिका सारखे उसासे टाकते. तिला दमा आहे का? असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे वाचकाची सहानुभूती मिळते.” काकांचे साडू विमा विकत. त्यांचं म्हणणं असं की प्रकाशकाला हस्तलिखित द्यायचंच नाही, आधी ओळख काढायची. “माझ्या माहितीतला एक माणूस आहे,” साडू म्हणाले, “त्याच्या भावाचं दुकान एका छापखान्याच्या अगदी समोर आहे. एकदा आत शिरलात की काम झालं म्हणून समजा.” कुठे शिरायचं, दुकानात की छापखान्यात, हे काकांनी विचारलं नाही. साडूंना प्रश्न विचारला की उत्तराबरोबर पॉलिसी येते.

अखेर ग्रंथालयात नवोदित लेखकांसाठी मार्गदर्शन शिबिर असल्याची पाटी काकांनी पाहिली. साठीला टेकलेल्या माणसाने नवोदितांच्या रांगेत बसावं की नाही हा प्रश्न त्यांना पडला, पण जाऊन बघतात तर सगळ्यात तरुण नवोदित तेच होते. मार्गदर्शकांची पुस्तकं पुष्कळ होती आणि ती सगळी पुस्तक कसं छापावं या विषयावर होती. पुस्तक म्हणून त्यांनी दुसरं काय लिहिलंय असं एका आजोबांनी विचारलं, तेव्हा चहाची वेळ झाली. पण शिबिरात एक छापील कागद मिळाला आणि तो काकांना मनापासून आवडला, कारण तो परिपत्रकासारखा होता. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. अक्षर सुवाच्य असावे. दोन्ही बाजूंस चार बोटे समास सोडावा. प्रकाशकास वारंवार फोन करू नये. आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात : सरकारी नोकरीत असलेल्यांनी आपल्या खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी.

बाकीच्या सूचना काकांनी पाळल्याच. सगळी कादंबरी पुन्हा सुवाच्य अक्षरात, एका बाजूला, चार बोटं समास सोडून लिहून काढली. पण घात केला तो शेवटच्या सूचनेने.

परवानगीसाठी एका ओळीचा अर्ज पुरला असता. पण काकांनी उभ्या नोकरीत ‘सोबतची कागदपत्रे जोडलेली नाहीत’ या एका वाक्यावर कितीतरी अर्ज परत धाडले होते. आपला अर्ज तसा परत आला तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून त्यांनी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, ‘सोबत : कादंबरी’ असं लिहिलं आणि अख्खं हस्तलिखित फाइलीत बांधलं. वर ठळक अक्षरात ‘योग्य मार्गाने’ लिहिलं. खाली सवयीने ‘प्रत : माहितीसाठी सविनय सादर’ ही ओळ घातली आणि पुढे एका प्रकाशकांचं नाव आणि पत्ता टाकला. हे प्रकाशक गंभीर साहित्यासाठी प्रसिद्ध आहेत असं शिबिरात कळलं होतं. प्रत पाठवायची असं काही काकांच्या मनात नव्हतं. पण त्या ओळीशिवाय कागद त्यांना उघडा वाटायचा. एकदा किराणा सामानाच्या यादीखालीही त्यांनी ती घातली होती, आणि वाणी बराच वेळ विचारात पडला होता.

फाइल निघाली. आता फाइलीचा एक स्वभाव असतो. ती टेबलावर आली की तिच्यावर काहीतरी लिहावंच लागतं. नुसती सही करून पुढे ढकलली तर साहेबांना वाटतं, हा वाचतच नाही. त्यातून या फाइलीला चार चार बोटं समास होता. एवढी कोरी जागा ऑफिसातल्या कुणी कधी पाहिली नव्हती.

पहिले काही दिवस काका निर्धास्त होते. मग त्यांना वेगळेच प्रकार दिसू लागले. जेवणाच्या सुट्टीत लेखा विभागातले दोघे तावातावाने भांडत होते. काकांना वाटलं, अंदाजपत्रकावरून असेल. जवळ गेले तर एकजण म्हणत होता, “पण तिने ते पत्र उघडायलाच नको होतं.” भांडार विभागातले गृहस्थ, जे कुणाशी धड बोलत नसत, त्यांनी काकांना जिन्यात अडवलं आणि हळूच विचारलं, “पुढे ती त्याला भेटते का हो? फाइल माझ्याकडून पुढे गेली आणि मी अर्ध्यातच अडकलो.” काका बुचकळ्यात पडले. सुखावलेही. आपल्याला वाचक मिळाले, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत सगळे विभागप्रमुख बसले होते आणि टेबलावर कादंबरी होती. साहेबांनी फाइलीवर ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा मारला होता. या शेऱ्याने भल्याभल्यांच्या बदल्या झालेल्या काकांनी पाहिल्या होत्या.

“बसा,” साहेब म्हणाले. “बाई, तुम्ही सुरू करा.”

आस्थापना विभागाच्या बाईंनी चष्मा लावला आणि समासातले आपले शेरे वाचून दाखवले. “नायक कार्यालयीन वेळेत बागेत बसलेला आढळतो. रजेचा अर्ज जोडलेला नाही. नायिका रागावली की घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा त्यांच्या घड्या घालते. वेळेचा अपव्यय.” त्यांनी पान उलटलं. “नायक नायिकेची जन्मभर वाट पाहण्याचे आश्वासन देतो. निवृत्तीचे वय विचारात घेतलेले दिसत नाही.”

मग लेखा विभाग बोलला. नायक रोज फुलं नेतो, ती याच्या पगारात बसतात का, पावत्या कुठे आहेत. भांडार विभागाने नायकाची प्रेमपत्रं ऑफिसच्या कागदावर नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी असं सुचवलं होतं. काका मान खाली घालून ऐकत होते. दाढ काढताना दुखलं नव्हतं एवढं दुखत होतं. शेवटी उपअभियंता उठले. ते तरुण होते आणि कामात काटेकोर होते.

“शेवटच्या प्रकरणाबद्दल माझी तांत्रिक हरकत आहे,” ते म्हणाले. “वर्णनावरून ही आपली टेकडीवरची टाकी आहे. उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी असतं. बुडणं अशक्य. शिवाय झाकणाला कुलूप असतं आणि किल्ली पंपचालकाकडे. नायिकेला किल्ली कुणी दिली, याचा खुलासा व्हायला हवा.”

“साहेब, ती कल्पना आहे,” काका कसेबसे म्हणाले.

“कल्पना असेल, पण टाकी आपली आहे ना?” साहेब म्हणाले. मग ते खिडकीकडे वळले आणि एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, “तिला वाचवता येत नाही का?”

“साहेब, शोकांतिका आहे ती.”

“हो, पण मुलगी चांगली होती हो,” साहेब म्हणाले. आस्थापना विभागाच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. शेवटी साहेबांनी ‘नायिकेबाबत फेरविचाराच्या अधीन राहून परवानगी देण्यात येत आहे’ असं लिहून सही केली आणि चर्चा संपली.

काका बाहेर आले ते चिडून. फेरविचार कसला, एक शब्द बदलणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. फाइल हातात आली की शेरे असलेलं हस्तलिखित माळ्यावर टाकायचं आणि नवी प्रत लिहून काढायची. पण फाइल येईना. आस्थापनेत विचारलं तर म्हणाले, जावक विभागात गेली. जावक विभागातले गृहस्थ पाकिटांना डिंक लावत बसले होते.

“ती होय,” ते म्हणाले. “ती गेली की. रवाना केली.”

“कुठे रवाना केली?”

“तुम्हीच लिहिलं होतं ना, प्रत प्रकाशकांना माहितीसाठी सविनय सादर? मी म्हटलं, काकांचं काम आहे, रेंगाळायला नको. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. जाताना मीसुद्धा एक शेरा मारला. पाकीट भारी होतं ना, म्हणून.”

काका तिथल्याच बाकावर बसले. कच्चा खर्डा घरी होता, त्यामुळे कादंबरी बुडाली नव्हती. अब्रू बुडाली होती. इतक्या वर्षांनी एका गंभीर प्रकाशकासमोर आपण जाणार, आणि जाणार ते नायकाच्या रजेच्या अर्जाचा हिशेब घेऊन. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. टाकताना बागेतल्या नायकाची आठवण आली, म्हणून अर्ज आठवणीने जोडला.

प्रकाशकांचं कार्यालय एका अरुंद जिन्यावर होतं. जिना चढतानाच काकांना वरून कुणीतरी गुदमरल्यासारखा आवाज ऐकू आला. दारात प्रकाशकांच्या सूनबाई हिशेबाचं काम करत बसल्या होत्या. “आत आमचे मामंजी आहेत,” त्या म्हणाल्या. “जरा थांबा. सकाळपासून हसताहेत. मी या घरात आल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना बोलवावं का, हाच विचार करत होते.”

आत भिंतभर पुस्तकं होती आणि मधोमध एक सुतकी चेहऱ्याचे गृहस्थ डोळे पुसत बसले होते. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती. काकांनी ओळख सांगितली आणि झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागायला सुरुवात केली. गृहस्थांनी हात वर केला.

“मी छापतो,” ते म्हणाले.

काकांनी फाइलीकडे बोट केलं. “कादंबरी?”

“सगळं. शेऱ्यांसकट. मधे तुमचं आणि समासात त्यांचं, आहे तसंच.”

“अहो, पण ती शोकांतिका आहे.”

“शोकांतिका मला भाजीसारख्या रोज येतात. त्या टाकीची किल्ली विचारणारा माणूस आजवर आला नव्हता,” प्रकाशक म्हणाले आणि त्यांना पुन्हा हसण्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी फाइल बांधून काकांच्या हातात दिली. “घरी न्या. नीट वाचा. लोक हसतील, हे मी आधीच सांगतो. तुम्हाला चालणार असेल तर कळवा. नसेल चालणार तर एकटी कादंबरी मी घेणार नाही. उगाच खोटी आशा लावत नाही.”

काका फाइल छातीशी धरून परत आले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात उभं होतं, पण विदूषकाची टोपी घालून. इमारतीतल्या तज्ज्ञांना विचारलं तर एकमत झालं आणि त्यानेच काकांना आणखी वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, “हो म्हणा काका, गठ्ठे बाकाखाली ठेवण्यापेक्षा बरं.” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “दम्याचा शेरा माझा आहे, तो आत घेणार असाल तर माझी हरकत नाही.” साडू म्हणाले, “आत शिरलात ना? मी सांगितलंच होतं,” आणि शेरेवाल्यांच्या सामुदायिक विम्याचा विषय काढला.

ऑफिसात तर बातमी काकांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाभोवती तक्रारदारांऐवजी विभागप्रमुख उभे. आस्थापना विभागाच्या बाईंना आपले शेरे पुन्हा लिहून द्यायचे होते. “घाईत लिहिले होते हो, शैली राहून गेली,” त्या म्हणाल्या. लेखा विभागातल्या एकाने दहा नवे शेरे आणले होते आणि त्यांतले काही कादंबरीत नसलेल्या प्रसंगांवर होते. भांडार विभागातल्या अबोल गृहस्थांनी काकांना बाजूला घेतलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांनीही एक कादंबरी सुरू केली होती. “नायिका गोदामात अडकते,” ते लाजत म्हणाले. “तुम्ही या वाटेने गेलेला आहात, काही मार्गदर्शन करा.” काकांनी कपाळावर हात मारला. पण दुपारी शिबिराच्या कागदाच्या दहा झेरॉक्स काढून त्यांनी सगळ्यांना वाटल्या. फक्त समासाची सूचना त्यांनी पेनाने खोडली होती.

एवढं सगळं होऊन ज्या एका माणसाने काही विचारलं नव्हतं, त्या काकू होत्या. त्या आपल्या ‘तुमचं ते उचला’ एवढंच म्हणत होत्या. त्या सकाळी मात्र काका फाइल टेबलावरच विसरून ऑफिसला गेले होते. हे त्यांना आठवलं ते परत येताना, इमारतीच्या फाटकापाशी. ते जिना भराभर चढले.

दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात काकू खिडकीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावर फाइल होती, आणि काकूंचे खांदे हलत होते.

काका दारातच बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. एक नाडी त्यांनी सोडून पुन्हा बांधली आणि पुन्हा सोडली. सगळं जग हसलं असतं तरी सोसलं असतं, प्रकाशक हसला तेही त्यांनी सोसलं. पण या कादंबरीतली ती मुलगी टायपिंगच्या वर्गातून बाहेर येताना पेन कानावर अडकवायची आणि विसरून घरभर शोधायची. तिला ज्या कारकुनाने समोरच्या खिडकीतून बघितलं होतं तो आता नाड्या सोडत बसला होता. हे कुणाच्या ध्यानात येणार नाही असं त्याला वाटलं होतं.

“हसून झालं का?” काकांनी शेवटी विचारलं.

“आलात?” काकू वळल्या नाहीत. “चहा ठेवते.”

“हस, हस. सगळेच हसताहेत. मी त्या प्रकाशकाला नाही म्हणून कळवणार आहे.”

काकूंनी पदराचं टोक शोधावं तसा ओट्यावरचा टॉवेल चाचपडत घेतला आणि तोंड पुसलं. मग त्या वळल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि नाकाचा शेंडाही. काका हातात बूट घेऊन उभे राहिले.

“तू समासातलं वाचत होतीस ना?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “मधलं.”

इतक्या वर्षांचं ऑफिस, पण या परिस्थितीवर काकांकडे मसुदा तयार नव्हता. “मग त्या कवितेच्या वेळीसुद्धा...” ते अडखळले.

“छे, तेव्हा हसतच होते,” काकू म्हणाल्या. “कविता फार वाईट होती.” त्यांनी चहाचं पातेलं घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. “इतकं सगळं लिहिलंत आणि मला टाकीत ढकललंत? पत्र मी उघडलं म्हणून? मी आयुष्यात कुणाचं पत्र उघडलेलं नाही.”

“गोष्टीत तसं लागतं.”

“त्या उपअभियंत्यांना एकदा चहाला बोलवा. तुमच्या ऑफिसात तेवढ्या एकालाच माझी काळजी आहे.” आणि त्या आत जाऊन कपाटातल्या घडी घातलेल्या चादरी काढून त्यांच्या पुन्हा घड्या घालू लागल्या. काका दारात उभे राहून बघत होते. आपल्यावर कुणी रागावलेलं बघून एवढं बरं त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

चहा घेताना काकूंनी फाइल पुन्हा पुढ्यात ओढली. “शेरे राहू द्या,” त्या म्हणाल्या.

“लोक हसतील.”

“हसू देत. नुसतं मधलं वाचवत नाही हो सलग. मी मधेच त्या रजेच्या अर्जावर हसले, म्हणून पुढे वाचता आलं.” मग त्यांनी कानावरून पेन काढलं, शेवटचं पान उघडलं आणि टाकीशेजारी, उपअभियंत्यांच्या शेऱ्याखाली उरलेल्या जागेत काहीतरी लिहिलं. काकांनी वाकून पाहिलं आणि बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकांना होकार कळवला आणि शेवटचं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. टाकी आणि तिच्याशेजारचे शेरे तेवढे जागेवर ठेवले.

पुस्तक निघालं आणि बरं खपलं. डॉक्टर आता दाढ काढल्यावर रुग्णाला निवड करू देतात, तेव्हा बहुतेक लोक काकांचं पुस्तक मागतात. जिन्यात लोक ‘काय लेखक, आज धार बारीक आहे’ म्हणतात आणि हसतात, आणि काका उचित कार्यवाही चालू असल्याचं सांगतात. समासातले शेरे सगळ्यांना आवडतात, पण सगळ्यात जास्त आवडतो तो अगदी शेवटचा. तो काकांना फार खुबीने सुचला, असं वाचकांची पत्रं सांगतात, आणि काका कुणाची समजूत दुरुस्त करत नाहीत. शेवटच्या पानावर, टाकीच्या बाजूला, गोल आणि ठसठशीत अक्षरात छापलं आहे : ‘वाचले. मरण्यास माझी संमती नाही. सही, नायिका.’